काळ्या गाडीवरची जाळी घरी निघते का?

अमळनेरच्या एका गाडीमालकाचा प्रश्न थोडक्यात असा: "गाडी काळी, ४ वर्षांची. सावलीत चकचकीत दिसते, पण उन्हात उभी केली की बोनेटवर आणि टपावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेघा दिसतात. रोज सकाळी फडक्याने पुसतो, महिन्यातून दोनदा वॉशिंग सेंटरला नेतो. सेंटरवाला दीड हजारात रबिंग-पॉलिश करून देतो म्हणतो. जळगावच्या एका डिटेलिंगवाल्याने सिरॅमिकसकट अठरा हजार सांगितले. व्हिडिओ बघून घरी मशीनने जमेल का? की टूथपेस्टने हातानेच करू?"

घरी जमेल. टूथपेस्टने नाही. आणि मला यात खरं खटकलं ते एकच वाक्य: रोज सकाळी फडक्याने पुसतो. ही जाळी त्या फडक्याने विणली आहे. ते थांबल्याशिवाय तुम्ही मशीन लावा की अठरा हजार मोजा, पुढच्या दिवाळीपर्यंत गाडी परत होती तिथेच येईल. त्यात रंगाचा थोडा थर कायमचा गेलेला असेल, तो वेगळाच.

आधी त्या रेघा म्हणजे नेमकं काय ते समजून घ्या, म्हणजे पुढच्या पायऱ्या पाठ कराव्या लागणार नाहीत. रेघा गोल नसतातच. क्लिअर कोटवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, सगळ्या दिशांनी हजारो बारीक ओरखडे असतात. त्यातले जे उजेडाला आडवे पडतात तेवढेच चमकून डोळ्यापर्यंत येतात, म्हणून सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती चक्र दिसतं. डोकं हलवा, चक्रही तुमच्याबरोबर सरकेल. जर चक्राऐवजी उन्हात लाटांसारखे पट्टे, मोरपिसासारखे झळकत असतील, तर ते फडक्याचे नाहीत. ते कोणीतरी आधी गोल फिरणारं बफिंग मशीन मारल्याचे आहेत. गाडी सेकंड-हँड असेल तर हे जरूर बघा.

गाडीच्या पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. कारखान्यातून आलेल्या गाडीवर हे सगळं मिळून साधारण ९० ते १३० मायक्रॉन भरतं आणि त्यातला क्लिअर ३५ ते ५०. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे सगळी चमक केसाच्या अर्ध्या जाडीवर उभी आहे. फडक्याची जाळी बहुतेक वरच्या दोन-तीन मायक्रॉनमध्येच असते, हे आपलं नशीब. पण ओरखडा 'भरून' निघत नसतो. त्याच्या आजूबाजूचा क्लिअर त्याच्या तळापर्यंत खाली आणावा लागतो. पॉलिश करणं म्हणजे क्लिअर खर्च करणं. मूळ थरातून गाडीच्या सगळ्या आयुष्यात मिळून ८ मायक्रॉनच्या वर काढू नये असा या धंद्यातला दंडक आहे, कारण क्लिअर पातळ झाला की ऊन झेपत नाही आणि काही वर्षांनी टपावर पांढरे पापुद्रे सुटतात. आपल्याकडच्या उन्हात तर लवकरच.

म्हणून घरी करताना उद्दिष्ट शंभर टक्क्यांचं ठेवू नका. दहातल्या आठ रेघा गेल्या की काळी गाडी लांबून नवी दिसते. नख फिरवून बघा. नख जिथे अडकतं तो ओरखडा तसाच राहू द्या. त्याच्या मागे लागून क्लिअर संपला आणि खालचा रंग उघडा पडला तर मग तो अख्खा भाग रंगवावा लागतो.

आता कशावर काय अवलंबून आहे. गाडीचा एखादा भाग ठोकल्यावर पुन्हा रंगवला आहे का? बोनेटच्या बिजागरीच्या बोल्टांवरचा रंग उडालेला, दाराच्या रबराखाली टेपची कड, शेजारच्या भागापेक्षा वेगळी संत्र्याच्या सालीसारखी पोत, या त्याच्या खुणा. असा बाहेर मारून घेतलेला रंग कधी जाड असतो, कधी मऊ, कधी दोन्ही. तिथे कारखान्याच्या भागाचा हिशोब लागू पडत नाही, वेगळी चाचणी घ्यायची. जाडी मोजायचा गेज मिळाला तर उत्तम, डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे किंवा जुन्या गाड्यांच्या दलालाकडे असतो. आकडा ८० मायक्रॉनच्या खाली आला तर तो भाग सोडून द्या. २००च्या वर गेला तर पुन्हा रंगवलाय असं समजा. लक्षात ठेवा, साधा गेज सगळ्या थरांची बेरीज दाखवतो, एकट्या क्लिअरची नाही. आणि प्लॅस्टिकच्या बंपरवर तो चालतच नाही.

दुसरं, क्लिअर मऊ की कडक. हे कंपनी, रंग आणि कधी कधी वर्षागणिक बदलतं, म्हणून दुसऱ्याच्या गाडीवर चाललेलं कंपाउंड (पॉलिशपेक्षा जास्त कापणारी पेस्ट) तुमच्यावर चालेलच असं नाही. तुमची काळी आहे म्हणून क्लिअर असणारच असं धरतो, तरी पॅडवर काळा रंग उतरला तर थांबा. म्हणजे क्लिअर संपलाय किंवा त्या भागाला एकेरी, म्हणजे वर क्लिअर नसलेला, रंग मारलाय. जुन्या साध्या पांढऱ्या गाड्यांत एकेरी रंग असू शकतो, तिथे पॅड पांढरं होणं स्वाभाविक.

तिसरं, दिवस कोणते. मे महिन्यात पारा ४५च्या घरात असताना सावलीतला पत्राही हाताला तापलेला लागतो. कंपाउंड लावता लावता वाळतं, भुकटी होते आणि त्याच भुकटीचे नवे ओरखडे पडतात. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचे दिवस या कामाला सगळ्यात चांगले. उन्हाळ्यातच करायचं असेल तर पहाटे सहा ते नऊ, एका दिवसात दोन-तीन भाग, बस. जागा चहूबाजूंनी बंद नसली तरी वारा अडवणारी हवी. काम सुरू करण्याच्या अर्धा तास आधी पोर्चमध्ये सडा टाका, धूळ खाली बसते. फरशी निथळू द्या, एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर ठेवू नका आणि मशीनची वायर खांद्यावरून घ्या. त्याचे दोन फायदे: वायर पाण्यात जात नाही आणि रंगावर घासत नाही.

मशीनबद्दल इथे थोडं थांबतो, कारण निम्म्या गाड्या इथेच बिघडतात. हवं आहे ते ड्युअल ॲक्शन, म्हणजे डीए पॉलिशर. यात पॅड स्वतःभोवती फिरतं आणि त्याच वेळी केंद्र हलवत थरथरतं, त्यामुळे एका जागी उष्णता साचत नाही. चुकून जास्त दाबलं तर बिचारं थांबतं, रंग जाळत नाही. ५ इंची बॅकिंग प्लेट (पॅड चिकटवायची चकती) आणि १५ मिलिमीटर थ्रो (थरथरण्याची झेप) नवशिक्याला पुरेसा. २१चा थ्रो सपाट टपावर झपाट्याने चालतो, पण दाराच्या वळणांवर आवरत नाही. याउलट सरळ गोल फिरणारं रोटरी मशीन जाणत्या हातात कमाल करतं, नवख्या हातात पाच सेकंदांत कड उडवतं. त्याहून वाईट म्हणजे वेल्डिंगच्या दुकानातला अँगल ग्राइंडर आणून त्याला पॅड लावणं. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११ हजारांच्या आसपास फेरे मारतो; पॉलिशिंगची रोटरी साधारण ६०० ते ३००० मध्ये चालवतात. "चालतं ना भो" म्हणणारा कोणीतरी भेटेलच. त्याला स्वतःच्या गाडीवर चालवू द्या.

बाकी सामान: पॉलिशिंगचे फोम पॅड चार, फिनिशिंगचे मऊ फोम दोन, मायक्रोफायबरचे कटिंग पॅड दोन. पॅडचे रंग कंपनीगणिक वेगळे, त्यामुळे "नारिंगी घ्या" असा सल्ला कोणाकडून घेऊ नका, पाकिटावरचं काम वाचा. एक फिनिशिंग पॉलिश, एक मध्यम कंपाउंड, प्रत्येकी २५० मिलिलिटर एका गाडीला पुरून उरतं. ३एम, मेग्वायर्स, मेंझेर्ना यांपैकी कुठलंही घ्या, फक्त दोन्ही बाटल्या एकाच घराण्यातल्या असल्या तर बरं. ३०० ते ४०० जीएसएमचे (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचे) मायक्रोफायबर टॉवेल किमान दहा. पेंटरची टेप, क्ले बार (रुतलेले कण उचलणारी मातीसारखी मऊ वडी), लोखंडाचे कण काढणारं फवारणीचं द्रव्य, एक तीव्र एलईडी टॉर्च. हे सगळं पहिल्यांदा १० ते १५ हजारांत जातं. म्हणजे एकच गाडी आणि एकदाच करायचं असेल तर पैसे वाचवायला हा मार्ग नाही, हे आधीच सांगतो. दोन गाड्या असतील किंवा मित्राशी मिळून मशीन घेणार असाल तर हिशोब बसतो.

धुण्यापासून सुरुवात. ही धुलाई नेहमीपेक्षा कडक. साधं पाणी मारून माती फुगू द्या. आपली काळी माती वाळल्यावर दगड, पण चार-पाच मिनिटं भिजली की आपोआप सुटते. तेवढा धीर धरला की घासायची वेळ येत नाही. मग शांपू. कपड्यांची पावडर अजिबात नको, तिचे न विरघळलेले कणच घासतात. नंतर लोखंड काढणारं द्रव्य थंड पत्र्यावर फवारा. जिथे ब्रेकची भुकटी रुतलेली असते तिथे ते जांभळं होतं. रेल्वे लाईनजवळ, भुसावळकडे, गाडी उभी राहत असेल तर जांभळं भरपूर दिसेल. वाळू न देता धुऊन टाका. डांबराचे ठिपके चाकामागच्या भागात असतात, त्यांना टार रिमूव्हर.

मग हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून ओल्या बोनेटवरून बोटं फिरवा. खरखर लागली तर क्ले बार. भरपूर शांपूचं पाणी मारत, दाब न देता, सरळ रेषेत. क्ले जमिनीवर पडला तर धुऊन वापरायचा मोह टाळा, तो तुकडा फेका. उन्हाळ्यात क्ले लोण्यासारखा मऊ होऊन रंगाला चिकटतो, तेव्हा गार पाण्याच्या वाटीत ठेवा. क्लेनेही थोडे ओरखडे पडतात, म्हणून तो पॉलिशच्या आदल्या दिवशी. उगाच दर महिन्याला नाही.

गाडी कोरडी झाली की टेप लावा: खिडक्यांची रबरं, काळं प्लॅस्टिक, नावाची अक्षरं, आणि बोनेट-फेंडरच्या धारदार कडा. दारांच्या मधल्या खांबावर बऱ्याच गाड्यांना काळी फिल्म चिकटवलेली असते, तो रंग नाही. तिच्यावर मशीन नेऊ नका. कडांना टेप कशासाठी? फवारताना रंग कडेवर पातळ बसतो आणि पॅडचा सगळा दाब तिथे एका रेषेवर येतो. टेप काढल्यावर उरलेला अर्धा इंच हाताने करता येतो.

आता चाचणी. मला विचाराल तर सगळ्या कामातला हा सगळ्यात मोलाचा अर्धा तास. डिकीच्या झाकणावर किंवा मागच्या दारावर दीड फूट बाय दीड फुटाचा चौकोन टेपने आखा. बोनेटवर पहिली चाचणी घ्यायची नाही, चुकलं तर रोज डोळ्यासमोर राहतं. सुरुवात सगळ्यात सौम्य जोडीने: मऊ फोम आणि फिनिशिंग पॉलिश. टॉर्च मारून बघा. जाळी साठ-सत्तर टक्के जरी गेली तरी आनंद माना, पूर्ण गाडी त्याच जोडीने करायची. काहीच हललं नाही तर पॉलिशिंग फोम आणि तेच पॉलिश. मग पॉलिशिंग फोम आणि कंपाउंड. मायक्रोफायबर पॅड आणि कंपाउंड ही शेवटची पायरी. काळ्या रंगावर ती वापरली की धुरकटपणा येतोच आणि मऊ फोमने दुसरा हात मारावाच लागतो. व्हिडिओत बहुतेक जण थेट कंपाउंडने सुरुवात करतात कारण फरक कॅमेऱ्यात ठळक दिसतो. कॅमेऱ्याला क्लिअर उरला किती ते दिसत नाही.

मशीन चालवायची पद्धत. कोरड्या नव्या पॅडला आधी पॉलिशचा पातळ हात सगळीकडे बोटाने चोळा, नाहीतर कोरडा फोमच ओरखडे पाडतो. मग वाटाण्याएवढे चार थेंब. पॅड रंगावर टेकवूनच मशीन सुरू करायचं आणि टेकलेलं असतानाच बंद, नाहीतर पॉलिश भिंतीवर उडेल. सगळ्यात कमी वेगावर चौकोनात पसरवा. मग मशीनवरचा वेगाचा आकडा चार ते पाचवर. हात सेकंदाला एक ते दीड इंच, इतका हळू की कंटाळा यावा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढलेला. आधी आडवे, मग उभे; हे झाले दोन फेरे. असे चार ते सहा. पहिल्या फेऱ्यांत साधारण पाच-सहा किलोचा दाब, शेवटच्या दोनांत फक्त मशीनचं वजन. हा दाब कळायला घरातला वजनकाटा जमिनीवर ठेवून त्यावर पॅड दाबून बघा, एकदा हाताला ओळख पटली की पुरे.

बॅकिंग प्लेटच्या बाजूला मार्करने एक काळी रेघ मारा. चालताना रेघ फिरताना दिसली पाहिजे. फिरणं थांबलं आणि नुसतं थरथरणं उरलं की रंग कापला जात नाही, तुम्ही नुसतं मशीन गरम करताय. हे दाराच्या वळणावर आणि फेंडरवर हमखास होतं. दाब कमी करा, पॅड सपाट टेकवा, वेग एक पायरी वाढवा.

दर चौकोनानंतर पॅडला ब्रश मारा. आत अडकलेली भुकटी आणि खरवडलेला क्लिअर तसाच राहिला तर पुढच्या चौकोनात तुम्ही तोच चिखल घासत राहता. एका पॅडवर दोन, फार तर तीन भाग. मग पॅड बदला, वापरलेलं साबणाच्या पाण्यात टाका. बहुतेक जण पॅडवर पैसे वाचवतात आणि "कंपाउंड चांगलं नाही" म्हणतात.

दर दोन फेऱ्यांनी पत्र्याला उलटा हात लावा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर त्या भागाला विश्रांती. बंपर प्लॅस्टिकचा, उष्णता पसरू देत नाही, पत्र्यापेक्षा लवकर तापतो. तिथे वेग एक पायरी कमी आणि फेरे तीन. मध्येच लाईट गेली तर पॉलिश पत्र्यावर तसंच ठेवून वाट बघू नका, लगेच ओल्या टॉवेलने पुसा. मशीन साधारण ७०० ते ९०० वॅट घेतं, घरातल्या इन्व्हर्टरवर लावायच्या भानगडीत पडू नका.

पुसून झाल्यावर दिसतं ते खरं नसतं. पॉलिशमधलं तेल रेघा झाकतं. म्हणून औषधाच्या दुकानात मिळणारं ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल एक भाग आणि बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड पाणी (ॲसिड नव्हे) चार भाग असं मिश्रण फवारणीच्या बाटलीत करा. हे साधारण १४ टक्के होतं. याहून फार तीव्र केलं तर क्लिअर तात्पुरता मऊ होऊ शकतो. फवारा, पुसा, मग टॉर्च तिरपी धरून बघा. हे द्रव्य पेट घेतं, सिगारेट लांब ठेवा. हीच कसोटी सेंटरवाल्याच्या दीड हजाराच्या रबिंग-पॉलिशलाही लावता येते. बहुतेक ठिकाणी लोकरी पॅड, रोटरी आणि तेलकट ग्लेझ असतं. संध्याकाळी गाडी आरशासारखी दिसते, तीन-चार धुलाईत ग्लेझ उतरतं आणि जाळी परत, वर मोरपिसाचे पट्टे बोनस. टूथपेस्टचंही तेच. तिच्यातली पावडर दातांसाठी दळलेली असते. एखाद-दुसरी रेघ फिकी होईल, पण काळ्या रंगावर त्या जागी मंद ठिपका उरतो. केरोसीन-डिझेलचं फडकं तर फक्त तेलाचा थर देतं आणि त्यावर दुपारपर्यंत धूळ चिकटते.

चुकलं तर कसं ओळखायचं? पुसल्यावर गाडी धुरकट, ढगाळ दिसली तर जोडी तिखट झाली किंवा शेवटचे फेरे दाबून केले. मऊ फोमने एक हात मारा. भुकटी फार उडत असेल तर पत्रा गरम, पॉलिश कमी किंवा फेरे जास्त, यांपैकी काहीतरी. पॅड चिकटत, उड्या मारत चालत असेल तर पॉलिश जास्त झालं. पुसताना डाग निघता निघत नसतील तर जोर लावू नका, त्याच पॉलिशचा एक थेंब फिरवून ओलं करून पुसा. आणि कुठे एकदम फिका, दुधाळ ठिपका दिसला जो कशानेच जात नाही, तर क्लिअर गेला. तिथे पेंटरच.

अख्खी हॅचबॅक एका जोडीने करायला नवख्या माणसाला आठ ते बारा तास लागतात. दोन दिवस धरा. थकलेल्या हाताने कड उडते.

वर संरक्षण हवंच. कार्नोबा मेण काळ्या रंगावर सुंदर दिसतं, पण आपल्या उन्हात महिना-दीड महिन्याच्या पुढे धरून चालू नका. सिंथेटिक सीलंट तीन-चार महिने काढतं, लावायलाही सोपं. पहिल्यांदा तेच घ्या. सिरॅमिक कोटिंग, म्हणजे क्लिअरवर चढवायचा कडक पारदर्शक थर, टिकतं, धुणं सोपं करतं, पण फडक्याच्या ओरखड्यापासून वाचवतं हा गैरसमज आहे. त्यावर जाळी पडली की कोटिंगच घासून काढावं लागतं. शिवाय बोअरच्या क्षाराच्या पाण्याचे गोल डाग कोटिंगवर जास्त उठून दिसतात. म्हणून तुमच्या अठरा हजारांबद्दल माझं मत: आत्ता नको. तो जर म्हणाला की एका पायरीचं पॉलिश आणि सीलंट करून देतो, मशीन डीए आहे, काम तुमच्यासमोर दाखवतो आणि नंतर अल्कोहोलने पुसून दाखवतो, तर त्याच्याकडेच करून घ्यायला हरकत नाही.

आता ते फडकं. सुरत-नागपूर महामार्गाची धूळ, रेतीच्या डंपरमागचे कण, दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राच्या बाजूला राहत असाल तर राख. यातलं बरंच क्लिअरपेक्षा कितीतरी कठीण. कोरड्या फडक्याखाली ते सॅंडपेपर होतं. पिसांचा झाडू तेच करतो, फक्त हळू. महिन्याच्या बोलीवर गाडी पुसणारे एकाच बादलीत, एकाच कापडाने दहा गाड्या करतात. त्यांचे पैसे बंद करू नका, फक्त काचा पुसायला सांगा. बॉडी कव्हरही धुळीच्या गाडीवर टाकलं आणि उन्हाळी वाऱ्यात फडफडलं की दिवसभर घासत राहतं. धुतलेल्या गाडीवर, शेडमध्ये, घट्ट बांधून टाका, नाहीतर टाकूच नका. धूळ बसली तर बसू द्या. बसलेली धूळ ओरखडा पाडत नाही, पुसलेली पाडते.

आठवड्यातून एकदा घरी धुवा. दोन बादल्या, एकीत शांपूचं पाणी, दुसरीत साधं, तळाशी माती खाली अडवून ठेवणारी प्लॅस्टिकची जाळी. मायक्रोफायबरचा हातमोजा एक भाग घासला की आधी साध्या पाण्यात खळबळायचा, मग शांपूत. वरून खाली, सरळ रेषेत. दारांचा खालचा भाग आणि बंपर शेवटी, दुसऱ्या मोज्याने. पिवळ्या शॅमॉय कापडाऐवजी जाड ड्राइंग टॉवेल, घासायचा नाही, पसरवून टेकवायचा. टॉवेल पडला तर तो त्या दिवसापुरता बाद. टॉवेल धुताना कंफर्टसारखं मऊ करणारं द्रव्य घालू नका, धागे पाणी शोषत नाहीत.

पाण्याची टंचाई असलेल्या महिन्यांत रिन्सलेस वॉश (पाण्यात मिसळून पुसायचं, नंतर धुवावं न लागणारं द्रव्य) घ्या, आठ-दहा लिटरच्या एका बादलीत गाडी होते, फक्त चिखल नसावा. आणि एक नेहमीची चूक: आरओचं वाया जाणारं पाणी साठवून त्याने गाडी धुणं. पाणी वाचवायची भावना चांगली, पण त्या पाण्यात आधीच्या बोअरपेक्षा जास्त क्षार साठलेले असतात. ते फरशीला वापरा. शेवटचा हात मारायला जमलं तर आरओचं शुद्ध पाणी, पाच लिटर पुरतं. डाग पडलेच तर व्हिनेगर आणि पाणी समसमान, अर्धा मिनिट, मग भरपूर पाणी. तरी न गेलेला डाग क्लिअरमध्ये उतरलेला असतो आणि तो पॉलिशनेच जाईल.

माझा सल्ला: आधी दोन महिने ही धुण्याची पद्धत अंगवळणी पाडा, मग थंडी बघून मशीन लावा. तोपर्यंत हात शिवशिवत असतील तर दाराच्या हँडलमागच्या खोबणीत बघा, नखांचे ओरखडे असतील. तिथे तसंही मशीन पोचत नाही. जागा धुऊन वाळवा, फोम ॲप्लिकेटरवर वाटाण्याएवढं फिनिशिंग पॉलिश घ्या, दोन बोटांनी दीड-दोन मिनिटं मध्यम दाबाने घासा आणि पुसा. एवढ्यात रेघा फिक्या झाल्या तर तुमच्या गाडीचा क्लिअर मऊ आहे, कंपाउंडची बाटली घेऊच नका. तीन वेळा करूनही ढिम्म हलल्या नाहीत तर कडक आहे, मायक्रोफायबर पॅडचे पैसे बाजूला ठेवा.